मदत हवी आहे: जुन्या इलेक्ट्रिक गाडीत इन्सुलेशनचा इशारा, चालत्या गाडीत स्टिअरिंग जड

नमस्कार मंडळी. गाडी २०२० सालची, इलेक्ट्रिक. पावसाळा लागल्यापासून सकाळी डॅशबोर्डवर इन्सुलेशन फॉल्ट दिसतो, ऊन पडलं की जातो. परवा सिंहगड रस्त्यावर चालत्या गाडीत आधी स्क्रीन गेली, मग स्टिअरिंग एकदम जड झालं. मागे आई आणि मुलगी होत्या. फार घाबरलो.

सर्व्हिस सेंटरने १२ व्होल्टची बॅटरी (स्क्रीन, स्टिअरिंग वगैरेंना वीज देणारी छोटी) बदलली आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून दिला. पण तिला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरच बिघडला असेल तर नवी बॅटरीही उतरणारच ना? शिवाय इन्सुलेशनचा इशारा म्हणजे हाय-व्होल्टेज सर्किट आणि बॉडी यांच्यातला रोध घटलाय. तो कोड पुसून कसा बरा होईल?

पुणे-पिंपरी भागात बॅटरी पॅक, मोटर, एसी कॉम्प्रेसर, चार्जर एकेक वेगळं करून इन्सुलेशन टेस्टरने तपासणारं प्रशिक्षित कोणी माहीत आहे का? नारिंगी (म्हणजे हाय-व्होल्टेजच्या) केबलना गल्लीतल्या मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही, हे नक्की.

८ वर्षांच्या बॅटरी वॉरंटीत असा दोष कुणाला मान्य करून मिळालाय का? आणि चार्जिंग पॉइंट इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आहे, वर माणसं राहतात. तोवर तिथे चार्ज करणं पूर्ण थांबवू का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.