डेटा संरक्षण कायद्यातील सुधारणांसाठी निवेदन : भरपाईचा मुद्दा कसा मांडावा?

साखरपेठकर :
माझी आई गेली तीस वर्षे विड्या वळते. गेल्या महिन्यात एका खासगी प्रयोगशाळेत तिचे रक्त तपासले. टेबलावरच्या वहीत नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि तपासणीचे नाव लिहून घेतले, मग तेच संगणकात भरले आणि अहवाल व्हॉट्सॲपवर आला. तिसऱ्या दिवसापासून आईला साखरेच्या औषधांसाठी फोन सुरू झाले. पहिलाच फोन तेलुगूत होता. आडनावावरून आमच्या घरची भाषासुद्धा समोरच्याने ताडली होती. आईला वाटले, प्रयोगशाळेतूनच बोलत आहेत, म्हणून तिने जेवणाच्या वेळांपासून सगळे सांगून टाकले. प्रयोगशाळेने अर्थातच कानावर हात ठेवले.

आमच्या वाचनालयाचा अभ्यासगट डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुधारणा सुचवणारे निवेदन खासदारांना देणार आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये असल्याचे सगळेच सांगतात, परंतु त्यातले आईसारखीच्या वाट्याला काय येणार, हे कोणी सांगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काळा कोट :
ताई, आपण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पुढच्या वर्षी डेटा संरक्षणावरील न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे जाऊन २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये सध्याचा कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत.

या कायद्याखाली डेटा संरक्षण मंडळ जो दंड ठोठावेल, तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून रुपयाही मिळणार नाही. उलट त्याची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली आज भरपाई मागता येते आणि पाच कोटींपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात, पण नवा कायदा पूर्णपणे अमलात आला की ते कलम रद्द होणार आहे. म्हणजे जुने दार बंद करताना नवे काढलेच नाही. निवेदनात हा मुद्दा पहिला ठेवा.

दुसरे असे की, आजच्या ४३-अ खालच्या नियमांत वैद्यकीय माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा आहे. श्रीकृष्ण समितीनेही असा वर्ग सुचवला होता. २०२३ च्या कायद्यात तो नाही. आईचा साखरेचा अहवाल आणि चपलांच्या दुकानात दिलेला मोबाइल क्रमांक एकाच मापाने मोजले जातात.

टॉवेलवाला :
माझा अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलचा लहान कारखाना आहे. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, बँक पासबुकाची पाने, भविष्य निर्वाह निधीचे कागद, हे सगळे एका फाइलमध्ये असते आणि त्यातले निम्मे मुनिमाच्या मोबाइलमध्येही असते. तो मोबाइल उद्या बसमध्ये हरवला, तर मंडळाला आणि प्रत्येक कामगाराला कळवण्याची जबाबदारी माझ्यावर येईल, आणि ती योग्यच आहे असे मी मानतो. मात्र भरपाईची मागणी करताना प्रत्यक्ष नुकसान, निष्काळजीपणा आणि व्यवसायाचा आकार यांचा विचार व्हावा, अन्यथा अठरा कामगारांचा कारखाना आणि कोट्यवधी ग्राहकांची कंपनी एकाच काट्यावर तोलली जातील. सवलती देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे खरा, पण त्या कोणाला मिळाव्यात याचे निकष कायद्यातच लिहिलेले बरे.

जोडभावी :
एका गोष्टीकडे दुर्लक्ष होत आहे. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि तो बदल मात्र अठरा महिने न थांबता लगेच लागू झाला. पूर्वी, वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण घाला येत असेल, तरच ती नाकारता येत असे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरते. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे, पण जनमाहिती अधिकारी ती आपण होऊन वापरील, यावर माझा तरी विश्वास नाही. घरकुल योजनेत कोणाचे नाव बसले, हे उद्या आम्ही विचारायचे कसे? विडी कामगाराचा अहवाल झाकला जावा आणि लाभार्थ्यांची यादी उघडी राहावी, हा फरक कायद्याने करायला हवा.

साखरपेठकर :
सर्वांचे आभार. कारखानदार काकांचा मुद्दाही घेते. आणखी एक शंका आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येते, असे वाचले. तेलुगू त्यात आहेच, पण आईला कोणतीच लिपी वाचता येत नाही. सूचना वाचून दाखवणे बंधनकारक करावे, असे लिहिले तर चालेल का? आणि आज प्रयोगशाळेविरुद्ध काही करता येईल का?

काळा कोट :
पहिले अवश्य लिहा, मला ते सुचले नव्हते. दुसऱ्याबाबत अडचण कायद्यापेक्षा पुराव्याची आहे, कारण माहिती त्यांच्याकडूनच गेली हे दाखवावे लागेल. तपासणीची पावती, फोन आलेले क्रमांक, तारखा आणि वेळा जपून ठेवा. आमची माहिती कोणाला दिली, असे प्रयोगशाळेला पत्राने विचारा आणि पत्राची पोच घ्या. फोनांची तक्रार १९०९ वर आजच नोंदवा, शक्यतो फोन आल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत.