जुन्या स्विफ्टचं सस्पेन्शन: २१,८०० घालायचे की नाना पेठ गाठायची?

खडखडराव
गेल्या दिवाळीत २०१२ची पेट्रोल स्विफ्ट घेतली, सेकंड हँड, दोन लाख दहा हजारांना. ९४ हजार किलोमीटर पळालेली. इंजिन, एसी झकास. पण उखडलेल्या डांबरावर वीस-तीसच्या स्पीडला पुढून डाव्या बाजूने टक-टक-टक. बायको म्हणते, टांगा घेतलास की काय.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट: पुढचे दोन्ही स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप), त्यांचे माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म (चाक खालून धरणारे), स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणारा बार) लिंक रॉड आणि रबरी बुश, लेबर आणि चाकांचं अलाइनमेंट. एकूण २१,८००. म्हणजे गाडीच्या किमतीच्या दहा टक्के.

हीच यादी घेऊन पुण्याच्या नाना पेठेत, पार्टच्या बाजारात गेलो. नावाजलेल्या ब्रँडचे पार्ट घेतले तर लेबरसकट १३ हजारांच्या आत बसतं. दुकानदाराने तिसरा पर्यायही पुढे सरकवला, नाव नसलेल्या पांढऱ्या पिशवीतला. "साहेब, सगळं सातमध्ये करून देतो."

माझं मत सांगतो, मग झोडा. गाडीची कंपनी शॉकअप स्वतः बनवत नाही. गॅब्रिएलसारखे कारखाने मारुतीसकट कित्येकांना माल देतात आणि तोच माल आपल्या डब्यातही विकतात. मग लोगोवाल्या डब्याचे जादा पैसे कशाला? पांढरी पिशवी मात्र नको. मधला रस्ता बरा.

ओरिजिनल काका
मधला रस्ता म्हणजे दोन्हीकडचं नुकसान. माझ्या वॅगनआरला मी असाच "कंपनीसारखाच" लोअर आर्म टाकला होता. आठ महिन्यांत बुशच्या रबराला भेगा. पार्ट परत बदलला, लेबर परत, अलाइनमेंट परत. स्वस्त पार्ट दोनदा घेतला की तो स्वस्त राहत नाही, हा हिशेब मला तेव्हा कळला.

आणि ब्रँडचा डबा म्हणजे आत ब्रँडचाच माल, हे कोणी सांगितलं? दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या पार्ट बाजाराचं नाव ऐकलंय ना? होलोग्रामसकट नकली डबे मिळतात. निदान सर्व्हिस सेंटरचं बिल हातात असतं, उद्या भांडता येतं.

पिवळी पाटी
नाशिकला माझ्या दोन गाड्या भाड्याने पळतात. काका, तुमच्या हिशेबाने चाललो असतो तर धंदा कधीच बसला असता. मी लिंक रॉड सरळ लोकल टाकतो. सहा महिन्यांनी वाजायला लागला की दुसरा. अर्ध्या तासाचं काम, दोन नट.

पण लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट आणि स्टेअरिंगचा टाय रॉड एंड? तिथे कधीच नाही. लिंक रॉड तुटला तर आवाज येतो. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होऊन गाडी तिथेच बसते, आणि तेव्हा तुम्ही कसारा घाटात असू शकता. "पार्ट कुठला घ्यायचा" याचं एकच उत्तर नसतं हो. कुठला पार्ट, ते आधी सांगा.

खडखडराव
हे पटलं. म्हणजे माझी यादीच दोन भागांत फोडायला हवी.

विकून मोकळा
चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! २०१२ची गाडी म्हणजे २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण. मग आरसीचं नूतनीकरण, त्यासाठी तपासणी, वर ग्रीन टॅक्स. एवढं करून मिळणार पाच वर्षं. गाणी जरा मोठ्याने लावा आणि वर्षभरात गाडी काढून टाका. पुढच्याचं पुढचा बघेल.

ओरिजिनल काका
हे "पुढचा बघेल"वालेच आपल्याला गाड्या विकतात. खडखडराव, तुमच्या गाडीचा आधीचा मालक सापडला बहुतेक.

चेष्टा सोडा. शॉकअप मेला की नुसते धक्के बसत नाहीत, टायर रस्त्यावर टिकून राहत नाही, उड्या मारतो. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो. चार टायरचा खर्च त्या सात हजारांत धरला होता का?

जॅक आणि पाना
कोल्हापुरात गॅरेज आहे माझं. इथं सगळे डब्याबद्दल भांडताय, गाडीखाली कोणी गेलंय का?

खडखडराव, आधी एक करा. एखाद्या स्पीडब्रेकरवरून गाडी सरळ न्या, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी. मग त्याच ब्रेकरवरून तिरकी न्या, एक-एक चाक चढवत. सरळ नेताना आवाज नाही आणि तिरकी नेताना टक-टक आली, तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश बघा. दोन्ही चाकं एकदम वर आली की स्टॅबिलायझर बार पिळतच नाही, म्हणून गप्प बसतो. तरी शंका असेल तर दोन्ही लिंक रॉड काढून गल्लीत हळू एक चक्कर मारा. आवाज गेला की चोर सापडला. फक्त असं हायवेला जाऊ नका, वळणावर गाडी फार कलते.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग "टण्" करत असेल तर वरचं माउंटिंग गेलंय. आणि शॉकअपवर नुसता तेलकट ओलावा दिसला म्हणून लगेच फेकू नका. तेल ओघळत असेल, वर धूळ बसून काळा चिखल झाला असेल, तर मात्र जोडीने बदला. एकच बदलला की गाडी एका बाजूला वेगळं वागते.

आता काकांच्या आठ महिन्यांच्या बुशबद्दल. काका, रागावू नका, पण तो पार्टच वाईट होता याची मला खात्री नाही. गाडी लिफ्टवर असताना चाक खाली लटकलेलं असतं. तसंच लोअर आर्मचे बोल्ट आवळले की रबर त्याच जागी पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि बुश कायमचा पिळलेला राहतो. मग डब्यावर कोणाचाही लोगो असो, रबर फाटणारच. बोल्ट आधी नुसते टेकवायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळायचे. घाईच्या दिवशी कितीजण करतात हे, ते मला विचारू नका.

ओरिजिनल काका
हे मी आजवर ऐकलं नव्हतं. पण मग सर्व्हिस सेंटरलाच का जाऊ नये? तिथे शिकलेली पोरं असतात.

जॅक आणि पाना
असतात. आणि दिवसाला किती गाड्या सोडायच्या ते ठरलेलंही असतं.

श्टुटगार्टचा सदू
इकडचा अनुभव सांगतो. जर्मनीत जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते, सगळे तिला ट्युफ म्हणतात. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन, चाक हलवून बॉल जॉइंट ढिला आहे का ते बघतात, रबरी बूट फाटला असेल तरी शेरा मारतात. त्यामुळे पांढऱ्या पिशवीची चैन परवडत नाही.

पण म्हणून लोक शोरूमला पळत नाहीत. माझ्या जुन्या पासाटला लेमफर्डरचा आर्म घेतला. डब्यातून काढला तर धातूवर एका जागी लोगो घासून काढल्याची खूण! जो पार्ट गाडीवाल्याला जातो तोच, फक्त त्याचं नाव खरवडलेलं. खडखडरावांना माझं मत.

ओरिजिनल काका
सदू, तुझ्या हातात पुरावा होता. इथे तसं नाही. एखादा कारखाना मारुतीला माल देतो याचा अर्थ *याच* स्विफ्टचा स्ट्रट तोच कारखाना देत होता, असा होत नाही. एका मॉडेलला हा पुरवठादार, दुसऱ्याला तो. बाजारात विकायचा पार्ट थोडा कडक, थोडा मऊ असू शकतो. "तोच माल" हे वाक्य दुकानदाराच्या तोंडी शोभतं.

खडखडराव
हा मुद्दा मान्य. "तोच माल" म्हणणं चुकलं माझं. "नाव लावून विकतात, बिल देतात" एवढंच म्हणतो. आणि सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे "बिल नको, स्वस्तात देतो" याला भुलण्याचं कारणही कमी झालंय.

पिवळी पाटी
शॉकअप रिपेअर करून देणारे आहेत आमच्याकडे. नवीन तेल, नवीन सील, निम्म्याहून कमी पैसे. त्याबद्दल कोणी बोललं नाही?

जॅक आणि पाना
कारण ते बोलण्यासारखं नाही. शॉकअप कारखान्यातून सीलबंद आलेला असतो. कापून, तेल भरून, वेल्डिंग मारून देतात. आतला व्हॉल्व्ह झिजलेला तोच, गॅस गेलेला तो गेलाच. पहिला महिना कडक वाटतो, कारण तेल जाड भरलेलं असतं. नवीन बसवतानाही लक्ष ठेवा. वरचा नट आवळताना शॉकअपचा दांडा फिरू नये म्हणून काहीजण तो दांडाच पकडीने धरतात. त्या चकचकीत दांड्यावर ओरखडा पडला की सील कापलं जातं आणि नवा शॉकअप महिन्यात गळतो. मग शिव्या ब्रँडला.

विकून मोकळा
एवढ्यात माझी गाडी विकूनसुद्धा झाली असती.

खडखडराव
अपडेट. सोसायटीच्या गेटजवळच्या ब्रेकरवर सरळ-तिरकं करून बघितलं. वॉचमन दोनदा विचारून गेला, काय हरवलंय का. सरळ नेली की शांत, तिरकी नेली की टक-टक. हुबेहूब.

मग आमच्या इथल्या गॅरेजवर गाडी वर घेतली. डावा लिंक रॉड हाताने हलत होता, कप फाटलेला, आत ग्रीसच्या जागी माती. उजवा लोअर आर्म ठणठणीत, डाव्याचा मागचा बुश फाटलेला. उजवा स्ट्रट कोरडा, डावा मात्र खालपर्यंत काळा चिखल.

ठरवलं ते असं: दोन्ही लिंक रॉड ब्रँडचे, स्ट्रटची जोडी गॅब्रिएलची, डावा लोअर आर्म मारुतीच्याच डब्यातला (काका, तुमच्यासाठी), उजव्या आर्मला हात नाही. माउंटिंग दोन्ही नवीन, कारण स्ट्रट उघडणारच होतो. अलाइनमेंट धरून १२,३०० झाले. टक-टक गेली.

ओरिजिनल काका
एका आर्मपुरते तरी शहाणे झालात. स्ट्रटचं वर्षभराने इथेच लिहा, मी वाट बघतोय.

जॅक आणि पाना
आर्मचे बोल्ट कुठे आवळले?

खडखडराव
लिफ्टवर आवळायला निघाला होता. मी थांबवलं. "कोण सांगतं असलं?" म्हणाला. कोल्हापूरचे एक जण सांगतात म्हटलं. मग तोंड वाकडं करत गाडी खाली घेतली आणि जमिनीवर आडवा होऊन आवळले. लेबर दोनशे जास्त लावलं.