मानेवरच्या पुळ्या: आधी पाणी बघा

दादा, दाढीनंतर मानेवर लाल पुळ्या येतात, तुरटी लावली की आग होते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या परभणीकडं बोअरचं पाणी इतकं जड, की साबणाला फेसच येत नाही अन् ब्लेड कातडी खरवडतं. मी दाढीपुरतं तांब्याभर जारचं पाणी कोमट करतो. मानेवरचे केस कुठल्या दिशेला वाढतात ते बोटानं चाचपा, त्याच दिशेनं हलक्या हातानं ब्लेड फिरवा. उलटा हात नकोच! टोकदार कापलेला केस कातडीत वळतो, त्याचीच पुळी होते. 5-7 दाढ्यांनंतर ब्लेड बदला. सोललेल्या मानेवर तुरटी नको, गार पाण्याची पट्टी ठेवा. अन् मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम मनानं आणू नका, हात जोडून सांगतो. पू झाला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.