पुढच्या पिढीच्या वाट्याचे पाणी: तिसरे बोअर घ्यावे का?

सामायिक_विहीर (प्रश्न):

पणजोबांनी खोदली तेव्हा आमची विहीर सहा परस (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) होती. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी ती आणखी तीन परस खाली नेली, वडिलांनी तिच्या तळाशी आडवी बोअरे मारून घेतली, आणि गेल्या पंधरा वर्षांत आम्ही भावंडांनी शेजारी दोन उभी बोअरे घेतली. पहिले २२० फुटांचे, दुसरे ४५० फुटांचे. दोन्ही मार्च उलटला की गुळण्या टाकू लागतात. पणजोबांची २२ एकर जमीन आता सातबाऱ्यावर नऊ खातेदारांत विभागली आहे. पाण्याची पाळी नवव्या दिवशी येते आणि दोन तासांत मोटार हवा ओढू लागते. चुलतभावाने आता ७०० फुटांचे बोअर घ्यायचे ठरवले आहे. त्याचे म्हणणे सरळ आहे: खाणारी तोंडे वाढली, पाणी तेवढेच राहिले, आणि आपण ओढले नाही तर बांधापलीकडचा ओढणार आहेच.

खर्चाच्या वाट्यासाठी माझी संमती हवी आहे आणि ती देताना माझा हात अडखळतो, कारण माझी मुलगी सहा वर्षांची आहे. माझे प्रश्न दोन आहेत. हा खरोखर लोकसंख्येचाच प्रश्न आहे का? आणि जो अजून जन्मलाच नाही, त्याचा या पाण्यावर काही हक्क असतो का?

मुरूम_आणि_मांजऱ्या:

भूजल सर्वेक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आधी जमिनीखालचे सांगतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या दगडात पाणी साठते ते वरच्या मुरुमात, झिजलेल्या थरात, मांजऱ्यात (म्हणजे सच्छिद्र, मऊ दगडात) आणि भेगांमध्ये. खाली अखंड कातळ लागतो, आणि त्यात कुठे भेग लागलीच तर तिच्यातले पाणी बहुधा फार जुने असते किंवा कुणाच्या तरी वरच्या विहिरीतून पाझरत आलेले असते. ७०० फुटांवर दोन इंची पाणी लागले म्हणून पेढे वाटणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि दोन उन्हाळ्यांनंतर त्याच भोकातून नुसता फुफाटा उडताना पाहिलेली माणसेही तीच आहेत.

आता तोंडांचा हिशोब. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर वर्षाला सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. आपल्या दगडात त्याचा साधारण दहावा हिस्सा मुरतो, म्हणजे २ लाख लिटर. ग्रामीण पाणीयोजनांच्या ५५ लिटर प्रतिदिन या निकषाने एका माणसाला घरगुती वापरासाठी वर्षाला २० हजार लिटर लागतात, म्हणजे एका एकराचे मुरलेले पाणी दहा माणसांना पुरते. उलट पाटाने भिजवलेल्या एका एकर उसाला, पावसाचा वाटा वजा करूनही, ६० लाख लिटरच्या आसपास लागतात. हे ३० एकरांचे मुरलेले पाणी झाले, किंवा तीनशे माणसांचे. आपण पिकांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून विचारतो: आपल्या २२ एकरांत ऊस किती आहे?

नीरा_खोरे:

हक्काविषयी लिहितो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे अशी धारणा रूढ आहे की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे. पाणी बांध ओळखत नाही ही गोष्ट त्या धारणेत बसतच नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने खोल विहिरींवर निर्बंध आणले आणि तिथे खोल म्हणजे ६० मीटर किंवा अधिक. आपले नियोजित बोअर २१० मीटरच्या पुढे जाते. गावोगावी ही मर्यादा किती पाळली जाते, हे आपण सगळेच जाणतो.

पण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला कायद्यापेक्षा पुरंदर तालुक्यातल्या नायगावात सापडते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची जमीन कराराने घेऊन पाणी अडवण्याचे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरायचा: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस वर्ज्य. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता यायचा नाही.

माणशी वाटा दिला तर मोठ्या कुटुंबाचे फावेल, ही शंका रास्त आहे; अडीच एकरांची मर्यादा तिथेच कामाला येते, कारण पाच माणसांपुढे वाटा वाढत नाही. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो विक्रीवरचा निर्बंध. ज्याला पाणी विकता येत नाही तो त्याचा मालक नसतो, फक्त आपल्या हयातीपुरता वापरकर्ता असतो. न जन्मलेल्याच्या हक्काची याहून व्यवहारी मांडणी मला माहीत नाही. सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही खरे आहे.

तिसरे_अपत्य:

मी घरातले तिसरे अपत्य आहे, त्यामुळे ‘तोंडे वाढली’ हे वाक्य मला जरा बोचतेच. आकडे पाहू. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ मध्ये ३.९६ कोटी होती, २०११ मध्ये ११.२४ कोटी झाली. वाढ झाली हे कोण नाकारील? पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.७ आढळला, म्हणजे लोकसंख्या कायम राखायला लागणाऱ्या २.१ च्याही खाली. मुले कमी झाली, बोअरे मात्र वाढतच आहेत.

तोंडे मोजून प्रश्न सोडवायला निघालेले राज्य कुठवर जाते, तेही आपण पाहिले आहे. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. लोकांना माहिती आणि साधने द्यावीत, निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा, ही त्यांची वाट होती आणि तिची किंमत त्यांना नोकरी गमावून मोजावी लागली.

वरच्या दोन्ही उत्तरांवर माझा एक आक्षेप आहे. पुढच्या पिढीचे कर्तव्य दोन एकरवाल्याला सांगणे फार सोपे असते. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, कांद्याला नाही. ज्वारी लावून तो शहाणा ठरेल, पण वर्षाअखेरीस सोसायटीचे कर्ज कशातून फेडेल?

सामायिक_विहीर:

सर्वांचे आभार. ऊस लिहायचा राहिला असे नाही. लिहायला संकोच वाटला. तीन एकर आहे आणि त्यातला सव्वा एकर माझा. वर दिलेल्या हिशोबाने आमच्या २२ एकरांत ४४ लाख लिटर मुरतात आणि एकट्या उसाला १८० लाख लागतात. म्हणजे पहिल्या दोन बोअरांनी इतकी वर्षे आम्ही कुणाचे पाणी प्यायलो, हे वेगळे विचारायला नको.

कर्जाचा मुद्दा खोटा नाही. माझ्यावर तूर्त कर्ज नाही, चुलतभावावर आहे, म्हणून तराजू सारखा नाही. काल रात्री नवांपैकी सात खातेदार बसलो. यंदाचा ऊस गेल्यावर खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) राखायचा नाही आणि विहिरीच्या पाण्याचा वाटा एकरावर न ठेवता माणशी करून पाहायचा, असे मी सुचवले. चुलतभाऊ म्हणाला, “आधी तुझा सव्वा एकर मोड, मग माझ्याकडे ये.” मी मोडणार आहे. बोअरची गाडी सोमवारी येणार होती, ती त्याने पाडव्यापर्यंत थांबवली आहे. इसार मात्र परत घेतलेला नाही.