अनुभव धागा: रात्रीचा रेडिओ आणि माइकमागची बाई (सातारा-सांगली)

‘तुम्हारी सुलू’मध्ये (२०१७) विद्या बालनची सुलू बक्षीस आणायला रेडिओ स्टेशनवर जाते आणि रात्रीच्या कार्यक्रमाची निवेदिका होते. सिनेमा हलकाफुलका आणि गोड आहे. लक्षात राहतं ते तिचं हसू आणि तो आवाज. फेडरवरचा (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावरचा) हात आणि समोरचं घड्याळ मात्र प्रेक्षक विसरतो. आपल्या भागात सांगलीचं आकाशवाणी केंद्र आहे, म्हसवडचं माणदेशी तरंग आणि जत तालुक्यात जालिहाळचं येरळावाणी ही सामुदायिक (स्थानिक संस्थांनी चालवलेली) रेडिओ केंद्रं आहेत. ज्यांना हे काम आतून माहीत आहे त्यांनी वर टोपणनाव टाकून लिहावं. आत्मचरित्र नको, कृती हवी. उद्या माइकसमोर बसणाऱ्या पोरीला उपयोगी पडेल इतकं नेमकं लिहा.

यंत्रमाग, विटा
घरी सराव करायचा तर आधी खोली बघा, माइक नंतर. रिकाम्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर निघत नाही. दोन जाड गोधड्या बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, एक टेबलावर अंथरा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून फारसं काही होत नाही. ते हलके असतात, खालचे स्वर तसेच परततात. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर कंडेन्सर माइक (लांबचा, बारीक आवाजही पकडणारा) घेऊ नका, तो सगळी गल्ली ऐकवतो. डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचा आवाज पकडणारा) घ्या, त्याची पाठ मागाकडे करा आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवा. कंडेन्सर असेल तर वीतभर अंतर.

माइक अगदी नाकासमोर नको, थोडा तिरका हवा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटणारा वारा बाजूने निघून जातो. फार जवळ गेलं की आवाज भारदस्त वाटतो, पण शब्द गढूळ होतात. रात्रीचा आवाज म्हणून मुली हीच चूक करतात.

कृष्णाकाठ
वरच्यात भर. रात्रीचा आवाज म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजून बोललं की स्वरतंतू कोरडे पडतात आणि अर्ध्या तासात घसा बसतो. आपल्या नेहमीच्या पट्टीतच बोला, फक्त जोर कमी करा, वाक्याचा शेवट खाली सोडा. साधं पाणी घोट-घोट पीत राहा. तोंड कोरडं पडलं की जिभेची चटचट माइकमध्ये येते.

शाईपेन, कराड
मजकुराचं सांगतो. मराठी निवेदन मिनिटाला १२० ते १३० शब्दांनी बरं लागतं. म्हणजे दोन गाण्यांमधल्या ४० सेकंदांत ८० शब्द, त्याच्या वर नाही. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘सदरहू’ हे ग्रामपंचायतीच्या नोटिशीत राहू द्या. मोठा आकडा अक्षरी लिहा, नाहीतर वाचताना अडखळायला होतं. कागदाला पिन मारू नका. वाचून झालेला कागद उलटायचा नाही, बाजूला सरकवायचा. गाण्याचे शब्द सुरू व्हायच्या आत बोलणं संपवायचं. त्यासाठी सुरुवातीचं संगीत किती सेकंदांचं आहे ते प्रत्येक गाण्यासमोर लिहून ठेवा.

मिरज जंक्शन
सगळ्यात अवघड फोन-इन, म्हणजे श्रोत्यांचे फोन कार्यक्रमात घेणं, आणि सिनेमातही सगळी गंमत तिथेच आहे. फोन थेट हवेत घेऊ नये. आधी होल्डवर नाव, गाव, विषय विचारायचा आणि एक वाक्य न चुकता सांगायचं: “दादा, रेडिओचा आवाज बंद करा.” नाहीतर त्यांच्या सेटवरून आपलाच आवाज परत येतो आणि शिट्टी घुमायला लागते. मोठ्या स्टेशनवर काही सेकंदांचा उशीर देणारं यंत्र असतं, वाईट शब्द हवेत जाण्याआधी कापता येतो. लहान केंद्रावर ते नसेल तर फोन आधी रेकॉर्ड करा, तपासा आणि मग सोडा.

थेट घेतलाच तर पुढचं गाणं तयार ठेवूनच घ्यायचा. माणूस पिऊन बोलतोय किंवा घसरतोय असं वाटलं की भांडायचं नाही, समजावायचं नाही. त्याचा फेडर खाली, आपलं एक वाक्य, गाण्याचा फेडर वर. तीन सेकंदांत. कोणी रडत असेल तर मात्र फोन तोडू नका. त्याला हवेतून बाजूला घ्या आणि गाणं चालू असताना सहकाऱ्याला बोलू द्या. आणि स्वतःचा नंबर, घराचा रस्ता, घरी जायची वेळ हवेत कधीच नाही. रात्रपाळीच्या बाईसाठी हा नियम पहिला.

माणगंगा, दहिवडी
सामुदायिक रेडिओबद्दल. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना परवाना मिळू लागला, त्याआधी तो शिक्षणसंस्थांपुरता होता. ट्रान्समीटर लहान असतो, सपाटीवर दहा-बारा किलोमीटर ऐकू येतं. माणच्या डोंगरांत कमी, कारण एफएमच्या लहरी टेकडीआड नीट पोचत नाहीत. म्हणून ॲन्टेना कुठे उभारायचा याचा विचार इमारतीच्या आधी करा. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक असावा लागतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, राजकीय प्रचारही नाही. हवामान, बाजारभाव, परीक्षा, पाणीपुरवठा हे चालतं, आणि खेड्यातली बाई ऐकते तेही हेच. माणदेशी बोलीत बोला. पुणेरी वळण आणायला गेलं की समोरची आजी बोलायची थांबते.

अर्थिंग, इस्लामपूर
रेकॉर्डिंगमध्ये ‘गुंऽऽ’ येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गेला, तर दोष चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. लेव्हलचं (मीटरवर दिसणाऱ्या आवाजाच्या पातळीचं) सर्वोच्च टोक उणे सहा डेसिबलच्या खाली ठेवा. फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

शाईपेन, कराड
आकाशवाणीचा रस्ता कोणी लिहिला नाही म्हणून थोडक्यात: नैमित्तिक उद्घोषकांची (गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या निवेदकांची) जाहिरात केंद्र काढतं, मग लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, प्रशिक्षण. काम महिन्यातून मोजक्याच ड्युट्यांचं असतं, पगाराची नोकरी समजून घर त्यावर उभं करू नका. चाचणीआधी रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचा. ‘श’ आणि ‘ष’, ‘न’ आणि ‘ण’ रेकॉर्ड करून स्वतः ऐका.

चाळकेवाडी
बाहेर मुलाखत घेताना आमच्या पठारावर माइकवरचा साधा स्पंज पुरत नाही, वाऱ्याने नुसती घरघर येते. केसाळ आवरण लावा, वाऱ्याकडे स्वतःची पाठ करा किंवा जीपच्या आडोशाला बसा. मुलाखत संपली की कोणी न बोलता एक मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. कापाकापी करताना सांधे झाकायला तोच लागतो.