मदत हवी आहे : त्सेत्से माशीच्या वाढीचं गणित

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. प्रोजेक्टसाठी आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या संख्येचं मॉडेल एक्सेलमध्ये मांडलंय.

ही माशी अंडी घालतच नाही. एका वेळी एकच अळी गर्भाशयात वाढवते, तिला आतल्या ग्रंथींचं दूध पाजते आणि पूर्ण वाढलेली अळी जमिनीवर सोडते. ती लगेच मातीत शिरून कोष करते. मादी कोषातून बाहेर आल्यावर पहिली अळी साधारण 18 दिवसांनी, पुढच्या दर 9-10 दिवसांनी. कोष सुमारे 30 दिवसांचा. घरमाशी एका खेपेला शंभरावर अंडी घालते, त्यापुढे हे म्हणजे कंजुषीच!

मी धरलंय : निम्म्या अळ्या मादी, 9 दिवसांचं अंतर, कोषात रोज 1% मर. मोठ्या माश्यांची रोजची मर 2% ठेवली तर एका मादीमागे आयुष्यभरात सुमारे 1.55 माद्या येतात, 3% केली की 0.89. म्हणजे एका टक्क्यात वाढीची घसरण! एवढं नाजूक खरंच असतं, की माझ्या मांडणीत गोम आहे?

दुसरं, तापमान कसं घालायचं? गरमीत कोष लवकर फुटतो, पण सतत 32 अंशांच्या वर चरबी संपून आतच मरतो. (आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका.) सरळ रेषेचं सूत्र चालणार नाही, हे दिसतंय. लेस्ली मॅट्रिक्स (वयोगटांनुसार जन्म आणि जगण्याचं प्रमाण मांडून पुढची संख्या काढायचा तक्ता) घ्यावी का? घेतली तर कोषाचे 30 दिवस 9 दिवसांच्या टप्प्यांत कसे बसवायचे? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.