आपला विश्वास दुसऱ्याला का सांगायचा? अनुभव लिहा

सर्वांना सलाम.

आमच्या चर्चच्या तरुण संघात एका मुलीने विचारलं, "ज्याचा त्याचा धर्म ज्याच्या त्याच्यापाशी. आपण कशाला सांगत फिरायचं?" मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही येशूची आज्ञा आम्हा सगळ्यांना पाठ आहे, पण नुसती आज्ञा वाचून दाखवून तिचं समाधान होईना. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. आपल्यापैकी प्रत्येकाला कोणीतरी सांगितलं म्हणूनच आपण आज इथे आहोत. कवी नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते, तेव्हा डब्यातल्या एका परक्या प्रवाशाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, खूप झगडले आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज मराठी उपासनेत आपण त्यांचीच भजनं गातो. तो प्रवासी गप्प बसला असता तर? वादविवाद नकोत. तुम्हाला कोणी सांगितलं, किंवा तुम्ही कोणाला आणि कसं सांगितलंत, तेवढं लिहा.

निवृत्त परिचारिका, रास्ता पेठ

रात्रपाळीत सलाईन लावताना मी तोंडातल्या तोंडात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायचे. हात स्थिर राहायचा. शिरूरकडचे एक आजोबा होते, माळकरी. एका रात्री म्हणाले, "सिस्टर, काय पुटपुटताय? मोठ्यानं म्हणा की." मी म्हटलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." त्यांनी स्वतः मेंढरं राखली होती. काठी कशाला लागते, ओढ्याचं पाणी खळाळत असेल तर मेंढरू तोंड का लावत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. इतकी वर्षं म्हणत आलेलं स्तोत्र मला त्या रात्री नीट कळलं. मी त्यांना येशूबद्दल सांगितलं. त्यांनी तुकोबांचा अभंग म्हटला, तोही मी मनापासून ऐकला. घरी गेल्यावर त्यांनी मुलाच्या हाती ओल्या हरभऱ्याच्या जुड्या पाठवल्या.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळली. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याने विचारल्याशिवाय त्याच्यापुढे हा विषय काढायचा नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातही, जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या, असंच आहे (3:15). नव्या मुलींनाही मी हेच शिकवलं.

आयटीवाला, हिंजवडी

माझं थोडक्यात. ऑफिसात दर वर्षी कोणीतरी प्रेमाने "हॅपी गुड फ्रायडे" म्हणतं. मग मी चहाला बसवून सांगतो की तो येशूच्या मृत्यूच्या स्मरणाचा दिवस आहे, शुभेच्छांचा नाही. दुपारी बारा ते तीन आम्ही चर्चमध्ये असतो, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन चालतं. शुभेच्छा रविवारी द्या. "रविवारी का?" हा प्रश्न हमखास येतो आणि येशूच्या पुनरुत्थानाचा विषय आपोआप निघतो. मुद्दाम काही करावं लागत नाही.

शिक्षिका, येरवडा

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. दुष्काळात अनाथ झालेली पोर. पंडिता रमाबाईंनी आधी तिला जेवू घातलं, लिहायला शिकवलं. येशूचं नाव त्याच घरात तिच्या कानी पडलं. काही जण म्हणतात, सेवा करा, बोलू नका. मला ते पटत नाही. भाकरी दिली आणि ती कोणाच्या प्रेमापोटी दिली हे लपवलं, तर अर्धंच दिल्यासारखं होतं. आणि भाकरीच्या बदल्यात विश्वास मागितला तर तो सौदा झाला. रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, 1890 मध्ये पुण्यात आलं, तेव्हा त्या स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या. मुली आपणहून येऊन बसायच्या. त्यावरून 1893 मध्ये गावात मोठा गहजब झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी दार लावून घेतलं नाही.

वकील, कॅम्प

कायद्याचं तेवढं सांगते, कारण पुष्कळ जण भीतीपोटी गप्प बसतात. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्म मानणं आणि आचरणं यांच्यासोबत त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केलं. मला ही रेघ योग्यच वाटते. सांगणं आपल्याकडे, मन पालटणं देवाकडे.

शेजारी, नाना पेठ

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. वडील आयसीयूत असताना शेजारच्या मावशी डबा घेऊन आल्या. "प्रार्थना केली तर चालेल का?" असं आधी आईला विचारलं. आई हो म्हणाली. वडील वाचले नाहीत. मावशी तेराव्यालाही आल्या. गेलेलं माणूस पुन्हा भेटेल अशी आशा आपल्याला का वाटते, हे त्यांनी आईला सांगितलं. आईची पूजा आजही तशीच चालू आहे, पण मावशींनी ते सांगितलं नसतं तर त्यांनी आम्हाला परकं मानलं असं मला वाटलं असतं.

विद्यार्थिनी, खडकी

मला हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने सांगितलं. परीक्षेच्या काळात ती रोज पहाटे गच्चीवर जाऊन बायबल वाचायची, मी पण जाऊन बसायला लागले. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या पोराला लांबून बघून बाप धावत सुटतो, तिथे मी रडले. मी येशूवर विश्वास ठेवला हे घरी कळल्यावर पहिला प्रश्न आला, "किती पैसे दिले?" तो फार लागला. बाबा अजून नीट बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मुलगी गेली. मी कुठेच गेले नाही, दिवाळीत किल्ला मीच बांधते. इथे सगळे सांगण्याबद्दल लिहितायत, पण ऐकून हो म्हणणाऱ्याला घरात काय सोसावं लागतं, तेही सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. माझी मैत्रीण ठेवते, दर आठवड्याला फोन करते.

आणि तरीही मी सांगते. परवा भाजी निवडताना आईनेच विचारलं, "तो बाप धावला म्हणतेस, मग त्या रुसलेल्या थोरल्या मुलाचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, ते येशूने सांगितलंच नाही. आई म्हणाली, "मला वाचायला दे. बघते मी."